तुळजापूरचा घाट आणि मागचा डिरेलर

सोलापूरहून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. कोजागिरीला भाविक ज्या रस्त्याने रात्रभर चालत येतात, तोच हा रस्ता. गाव टप्प्यात आलं की बालाघाटाची चढण सुरू होते आणि माउंटन बाइकच्या गिअरची खरी परीक्षा तिथे होते. सपाटीवर एखादा गिअर नीट पडत नसला तरी पाय निभावून नेतात. घाटात पूर्ण जोर लावलेला असताना चेन दोन चक्रांच्या मध्ये अडखळली, तर पेडल एकदम रिकामं फिरतं आणि तोल जातो.

चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर मागच्या चाकाशी लोंबत असतो. दिसायला किचकट, पण आत चार बिजागऱ्यांचा एक समांतरभुज चौकोन, त्याची स्प्रिंग आणि दोन लहान पुल्या, मुख्यतः एवढंच. वायर त्याला एकाच दिशेला, मोठ्या चक्राकडे, ओढू शकते. परत लहान चक्राकडे आणायचं काम स्प्रिंगचं. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मं निदान झालंच म्हणून समजा.

एके काळी चेन बरोबर बसली की नाही हे स्वार कानाने ठरवायचा आणि लिव्हर जराशी मागेपुढे करायचा. 'टूर द फ्रान्स'च्या संस्थापकांचा तर डिरेलरलाच विरोध होता. शर्यतीत त्याला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. जपानातल्या साकाई शहरात १९२१ साली सुरू झालेल्या शिमानोने १९८४ मध्ये टिचकीवर गिअर बदलणारी पद्धत बाजारात रुजवली. आज साध्या माउंटन बाइकवरही तीच असते. सोय मोठी झाली, पण चुकीला जागा उरली नाही. शिमानोच्या आठ गिअरच्या नेहमीच्या जोडणीत एक टिचकी सुमारे २.८ मिलिमीटर वायर ओढते आणि पुली सुमारे ४.८ मिलिमीटर सरकते. शेजारच्या दोन चक्रांमधलं अंतरही तेवढंच. वायर अर्धा मिलिमीटर सैल पडली, तरी पुली जवळजवळ एक मिलिमीटर चुकते आणि मागून कटकट सुरू होते.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की एच आणि एल या दोन स्क्रूंना आधी हात लावू नये. ते फक्त कुंपण आहेत: चेन लहान चक्राबाहेर पडू नये आणि मोठ्या चक्रापलीकडे स्पोकमध्ये जाऊ नये, एवढंच ते बघतात. मधले गिअर बिघडले असतील, तर दोष त्यांच्यात नाही.

सायकल आडोशाला घ्या, सीट दोरीने तुळईला टांगा म्हणजे मागचं चाक मोकळं फिरेल. आता पाठीमागे बसून डोळ्यांच्या रेषेत बघा. दोन्ही पुल्या चक्रांच्या खाली एका सरळ उभ्या रेषेत हव्यात. खालची पुली स्पोककडे कलली असेल, तर डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर वाकला आहे. सायकल उजव्या अंगावर पडली की हे होतं. सुटा हँगर मऊ अॅल्युमिनियमचा असतो. फ्रेम वाचावी म्हणून त्याने आधी वाकावं, अशीच त्याची योजना. वाकलेल्या हँगरवर कितीही सेटिंग केलं तरी टिकत नाही. तो सरळ करून घ्यावा, नाहीतर बदलावा.

हँगर सरळ असेल तर पेडल फिरवत एकेक टिचकी द्या. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरते? वायर सैल आहे. डिरेलरमध्ये वायर शिरते तिथला गोल अॅडजस्टर मागून बघत घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा टिचकी देऊन बघा. लहान चक्रावर उतरायला वेळ लागतो? तोच अॅडजस्टर घड्याळाच्या दिशेने थोडा फिरवा. पण चढणं आणि उतरणं दोन्ही एकाच वेळी जमत नसेल, तर बहुधा वायर तिच्या आवरणात, म्हणजे आउटरमध्ये, अडकते आहे. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल आउटरच्या तोंडातून आत जातो, वाळतो, आणि स्प्रिंगचा जोर त्यापुढे कमी पडतो. दोष वायरीत, बदनामी मात्र डिरेलरची! अशी वायर आउटरसकट बदलावी. हा स्वस्तातला खर्च आहे आणि त्याने जेवढे गिअर सुधारतात, तेवढे दुसऱ्या कशाने क्वचितच सुधारतात.

नवी वायर घालताना चेन सर्वांत लहान चक्रावर घ्या, लिव्हर शेवटच्या आकड्यावर आणा, वायर हाताने ताणा आणि ५ मिलिमीटरच्या अॅलन कीने बोल्ट आवळा. नवं आउटर बसायला थोडे दिवस लागतात, म्हणून आठवड्याने अॅडजस्टर परत पाव फेरा फिरवावा लागला तर घाबरू नये.

एवढं करूनही घाटात जोर लावला की चेन दात्यांवरून घसरत असेल, तर पट्टी घ्या. शून्य एका पिनेच्या मधोमध ठेवून २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरल्या, तर चेन झिजली, बदलून टाका. आणि नवी चेन जुन्या चक्रांवर घसरत असेल, तर तीही बदलावी लागतील.