मनुष्य घडविला कोणीं— मांसानें कीं अग्नीनें?

"मांस खाल्लें म्हणूनच माकडाचा माणूस झाला," असें विधान हल्लीं घरोघरच्या तरुण मंडळींच्या तोंडून ऐकूं येतें, व तें ऐकून वडीलधारीं माणसें अस्वस्थ होतात. या विधानांत तथ्य किती, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपला मेंदू वजनानें शरीराच्या शेंकडा २ भागच असतो. परंतु स्वस्थ बसलों असतांहि शरीराला लागणाऱ्या शक्तीपैकीं शेंकडा सुमारें २० भाग तो एकटाच खर्चितो. कुटुंबांत एकाचा खर्च असा वाढला म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी हात आखडता घ्यावा लागतो. आयेलो व व्हीलर या शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, शरीरांत हा हात आखडता घेतला तो आंतड्यांनीं. अन्न सकस झाल्यामुळें आंतडीं लहान असूनहि भागूं लागलें, आणि वांचलेली शक्ति मेंदूच्या वांट्यास आली. हें सकस अन्न म्हणजे मुख्यतः मांस व हाडांतील मज्जा. केनियांतील कांजेरा येथें सुमारें २० लाख वर्षांपूर्वींच्या हाडांवर दगडी हत्यारांचे व्रण आढळले आहेत. तेव्हां आपले पूर्वज मांस खात होते, हें नाकारतां येत नाहीं.

परंतु एवढ्यानें वाद मिटत नाहीं. रिचर्ड रँगहॅम यांनीं १९९९ पासून असें मत मांडलें कीं, खरी किमया केली ती अग्नीनें. शिजलेल्या अंड्यांतील प्रथिनांपैकीं शेंकडा सुमारें ९१ भाग पचतो, कच्च्यांतील अवघा ५१, असें १९९८ सालच्या एका प्रयोगांत दिसून आलें. कंदमुळांतील पिष्टहि शिजल्यावरच सुलभतेनें पचतें. सुमारें २० लाख वर्षांपूर्वीं अवतरलेल्या 'होमो इरेक्टस' मानवाचा मेंदू पूर्वजांहून मोठा, पण दाढा लहान. मऊ अन्नाचीच ही खूण, असें रँगहॅम म्हणतात.

मात्र या मतासहि एक मोठी अडचण आहे. दक्षिण आफ्रिकेंतील वंडरवर्क गुहेंत, तोंडापासून सुमारें ३० मीटर आंत, राख व जळकीं हाडें सांपडलीं; वणवा इतक्या आंत शिरणें संभवत नाहीं. पण हा पुरावा १० लाख वर्षांपूर्वींचा. इस्रायलमधील गेशर बेनोत याकोव्ह येथील जळके गारगोटीचे तुकडे व बिया तर ७,९०,००० वर्षांपूर्वींच्या. म्हणजे मेंदू वाढूं लागला आधीं, आणि चुलीचा पुरावा मिळतो तो लाखों वर्षांनंतर! हें अंतर भरून निघेपर्यंत रँगहॅम यांचें मत अनुमान म्हणूनच स्वीकारणें योग्य.

तात्पर्य, आपले पूर्वज मिळेल तें खात, मांसहि, कंदहि. त्यांनीं काय खाल्लें यावरून आपण काय खावें हें ठरत नाहीं; तो प्रश्न विवेकाचा, आणि विवेक करणारा मेंदू तर त्या पूर्वजांनींच आपल्या हातीं ठेविला आहे. तरुणांनीं शास्त्राचा आधार घेतांना तें पुरतें वाचावें, व वडिलांनींहि सत्य ऐकून घेण्यास भिऊं नये, एवढीच आमची विनंति.