जुने इंजिन ओढत नाही, तेव्हा

आपल्या नांदेड-लातूर भागात वीज आली, सौरपंपही आले. तरीसुद्धा ओढ्याकाठी किंवा आडरानातल्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचे जुने संथगती इंजिन अजून कुठे कुठे धडधडताना दिसते. पुण्याला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. राजकोटच्या कारखान्यांनी विलायती ‘लिस्टर’च्या धर्तीवर इंजिने काढली. ही इंजिने दणकट खरी, पण वय झाले की हरभऱ्याचे घाटे भरण्याच्या वेळीच नेमके पाणी कमी पडू लागते.

मग कोणीतरी सल्ला देतो, ‘गव्हर्नरची स्प्रिंग आवळा, फेरे वाढवा.’ हे मुळीच करू नका. पंपाचे फेरे दहा टक्क्यांनी वाढवले, तर त्याला लागणारी ताकद दहा नव्हे, सुमारे तेहेतीस टक्क्यांनी वाढते. कोकणात होडीच्या पोटात इंजिन असते, त्याच्या पंख्यालाही जवळपास हाच हिशेब लागतो. थकलेल्या इंजिनाने ही ताकद आणायची कोठून? ते काळा धूर ओकते आणि डिझेल पिते. शिवाय बिडाचे जड फ्लायव्हील ठराविक फेऱ्यांसाठीच ओतलेले असते. त्यापुढे पळवले तर ते फुटू शकते, आणि जवळ उभा असलेला माणूस वाचेलच असे नाही. पाटीवर ६५० फेरे लिहिले असतील, तर ६५०च ठेवा.

गेलेली ताकद परत मिळवायची, तर आधी किती गेली ते मोजावे. दोनशे लिटरचे पिंप पाईपच्या तोंडाखाली ठेवा आणि घड्याळ लावा. पाण्याच्या पातळीपासून पाईपच्या तोंडापर्यंतची उभी उंची आणि पाईपमधले घर्षण मिळून पंधरा मीटर धरले आणि पंपाने निम्मी ताकद कामी लावली, तर पाच हॉर्सपॉवरला सेकंदाला साडेबारा लिटर पाणी यायला हवे. म्हणजे पिंप सोळा सेकंदांत भरावे. पंचवीस लागले, तर कोठेतरी गळती आहे.

ही गळती पुष्कळदा इंजिनात नसतेच. फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात, तो गाळाने आणि शेवाळाने बुजलेला असतो. अडीच इंची पाईपातून तेवढेच पाणी ओढायला तीन इंचीच्या सुमारे अडीचपट घर्षण सोसावे लागते. त्यात काटकोनी बेंड असले की आणखी भर. १९७८ साली स्थापन झालेल्या पीसीआरए या इंधनबचतीच्या संस्थेनेही डिझेल पंपसंचात फूट व्हॉल्व्ह आणि पाईप सुधारण्यावर भर दिला आहे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली जाते, तसा पंपही खाली उतरवा. लातूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. तेथे हवा विरळ, त्यामुळे पाणी ओढण्याची मर्यादा थोडी कमीच, आणि इंजिनाची ताकदही पाच-सहा टक्के उणी पडते. पट्टा सैल असेल तर तोही हात लावून पाहावा, अर्थात इंजिन बंद करून.

एवढे झाल्यावर धुराकडे बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी, नोझल खराब किंवा भार जास्त. निळा म्हणजे वंगण जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरते आहे. एअर फिल्टर काढून टाकला की इंजिन मोकळा श्वास घेते, असा एक समज आहे. एका हंगामाची धूळ सिलिंडर घासून काढते, मग खर्च सिलिंडरचाच येतो. नोझलचा फवारा धुक्यासारखा बारीक हवा. तो तपासताना त्यापुढे हात धरू नये, डिझेल कातडीत घुसते.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणी पाहत नाही. पंपाचे थंडगार पाणी भसाभसा इंजिनात सोडले की त्याला बरे वाटते, असे आपल्याला वाटते. तसे नाही. इंजिन थंड राहिले की डिझेल नीट जळत नाही, वंगणात उतरते आणि रिंगा लवकर झिजतात. बाहेर पडणारे पाणी साठ ते सत्तर अंश असावे, म्हणजे त्याखाली हात धरवू नये इतपत कढत. कॉक थोडा थोडा कमी करून तेवढे साधावे. पाणी पुरते मात्र कधी बंद करू नये.

तरीही पिंप वेळेत भरत नसेल, तर इंजिन बंद आणि गार असताना, डिझेलचा कॉक बंद करून, फ्लायव्हील हाताने सावकाश दाबावर आणा. चांगले इंजिन अडते आणि उलट धक्का देते. नुसतेच फिरले तर कान द्या. फुस्स आवाज धुरांड्यातून आला, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. एअर फिल्टरकडून आला तर हवेचा व्हॉल्व्ह, आणि खाली वंगणाच्या पेटीतून आला तर रिंगा किंवा सिलिंडर. मिस्त्रीला निरोप धाडताना ‘इंजिन ओढत नाही’ एवढेच न सांगता हा आवाज कोठून येतो तेही कळवा, म्हणजे तो येताना त्याप्रमाणे सामान घेऊन येईल.