सूर्य माथ्यावर, वारा दारात

ऐका रे पोरांनो. मे महिन्याच्या मध्यावर, पंधरा-सोळा तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास आपल्या नवी मुंबईतल्या बेलापुरात गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. तिची सावली शोधून सापडायची नाही! त्या दिवशी सूर्य बरोबर आपल्या माथ्यावर येतो. जुलैच्या शेवटी तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळे दिसला तर दिसला.

या गंमतीतच आपल्या उकाड्याचं कारण आहे. सूर्य माथ्यावर, म्हणजे दुपारचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून फारसं येत नाही. ते सगळं गच्चीवर ओतलं जातं. तीन-चारनंतर पश्चिमेच्या भिंतीची पाळी. काँक्रीटचा स्लॅब ही उष्णता दिवसभर पितो आणि रात्री खाली सोडतो. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाच्या घरी रात्री दहाला स्टुलावर चढून छताला तळवा लावून पाहा. ऊन कधीच गेलंय, पण छत अजून कोमटच. म्हणून खोलीतली हवा थंड करण्याआधी उन्हालाच बाहेर अडवावं. सोसायटीच्या परवानगीनं गच्चीला पांढरा चुना मारा, पांढरा रंग बरंचसं ऊन परत आकाशाकडे धाडतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटईचा पडदा सोडा. आतल्या पडद्याचा उपयोग कमी. ऊन काचेतून आत आलं की आलंच.

‘मग आजोबा, नागपूरच्या काकांसारखा कूलर घेऊया की!’

नागपूरची हवा कोरडी, बाळा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळपास ५८० कॅलरी उष्णता लागते, ती पाणी आजूबाजूच्या हवेतूनच ओढून घेतं. वाळ्याच्या पडद्यातून येणारा वारा गार लागतो तो यामुळे. पण आपण खाडीकाठचे. इथली हवा आधीच पाण्यानं भरलेली, तिथे आणखी पाणी सुकणार कुठे? इथे कूलर लावलात तर चिकचिक वाढेल. आपल्याकडे कामाचा तो वारा. अंगाभोवतीची दमट हवा तो हलवतो आणि घाम सुकवतो.

आणि वारा तर निसर्ग फुकट देतो! दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा धावत येते. हे खारे वारे. रात्री जमीन आधी निवते, मग उलटे मतलई वारे. मात्र वाऱ्याला आत यायला एक खिडकी नि बाहेर पडायला समोर दुसरी हवी. एकाच बाजूला खिडकी असेल तर तो दारातूनच माघारी फिरतो.

चार्ल्स कोरिया यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९७० च्या दशकात नवी मुंबईचे मुख्य वास्तुरचनाकार होते ते. पुढे १९८० च्या दशकात बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी आर्टिस्ट व्हिलेज वसवलं. उतरती कौलारू छपरं, सात-सात घरांच्या मधोमध अंगण, आणि कुणाचीही भिंत शेजाऱ्याला लागून नाही. म्हणजे वाऱ्याला चहूबाजूंनी वाट. आता तिथली कित्येक घरं पाडून लोकांनी मजले चढवलेत. कुटुंब वाढलं की जागा लागते, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण उरलेल्या जुन्या घरांच्या गल्लीतून एकदा दुपारी चालून या.

एसी नकोच, असं मी म्हणत नाही. रात्री वारा पडला की मलाही लागतो. पण दीड टनाचा एसी जोरात चालू असताना साधारण वीस साध्या पंख्यांएवढी वीज खातो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबानं तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. तेव्हा आज रात्री रिमोटवरचे १८ खोडून २६ करा, पंखा दोनवर ठेवा, आणि झोपा आता.