दया नको, वर्गणी हवी

1 डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. त्या दिवशी विद्यार्थी लाल फिती लावून, हातात वर्गणीचा डबा घेऊन सीताबर्डीच्या मेन रोडवर उतरले, की एखादा दुकानदार विचारणारच : "औषध तर सरकार फुकट देते, मग पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे नीट उत्तर कार्यकर्त्याजवळ नसेल, तर ती वर्गणी भीक ठरते आणि ज्यांच्यासाठी ती मागितली, ती माणसे याचक ठरतात.

औषध फुकट आहे, हे खरे. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 साली मद्रासमध्ये झाली. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने मोफत एआरटी उपचार सुरू केले आणि पहिल्या टप्प्याच्या राज्यांत महाराष्ट्र होता. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही ठिकाणी हे औषध मिळते. ते विषाणूचा नायनाट करीत नाही, त्याची वाढ रोखते. म्हणून रोज, जन्मभर घ्यावे लागते. नेमाने घेतले तर रक्तातील विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर त्या माणसाकडून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. खंड पडला की विषाणू पुन्हा डोके वर काढतो. पुढे तो औषधाला दाद देईनासा होण्याचाही धोका असतो.

मग खंड का पडतो? खेड्यातून एसटीने मोर भवनला उतरून मेडिकल गाठणाऱ्या शेतमजूर बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. गोळी फुकट, पण दिवस फुकट नाही. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांना महिना 1,500 रुपये मिळू शकतात. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. म्हणजे साऱ्या घराची रोजची कमाई 58 रुपयांच्या आत! त्याहून थोडे अधिक मिळवणारा गरीब कागदावर गरीब उरत नाही. वर्गणी लागते ती इथे : प्रवासाला, बुडालेल्या मजुरीला, पोटभर अन्नाला, मुलांच्या वह्या-पुस्तकांना.

परंतु ही मदत कोणाला, हा प्रश्न येताच समाजाचा जुना तराजू बाहेर निघतो. मे 2022 मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची चार मुले बाधित झाल्याचे आणि त्यांतील एक दगावल्याचे आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याने सांगितले. या मुलांना जगण्यासाठी वारंवार दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते. सारे शहर हळहळले, ते योग्यच. पण गंगा-जमुना वस्तीतल्या बाईसाठी किती जण हळहळतात? विषाणू चारित्र्य तपासत नाही. दया मात्र तपासते. पात्र-अपात्र ठरवून देणे हे दानाचे शास्त्र झाले; माणूस म्हणून देणे हा आपल्या चळवळीचा वारसा आहे.

एचआयव्ही पसरतो तो असुरक्षित लैंगिक संबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला. एका माठातल्या पाण्याने, एका ताटात जेवल्याने, हातात हात घेतल्याने तो पसरत नाही. तरीही बाधिताचा पेला वेगळा ठेवला जातो. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांच्या वारसांना वेगळ्या पेल्याचा अर्थ सांगायला नको. आणि हा पेला आपल्याच वस्तीत, आपल्याच घरात वेगळा निघत असेल, तर जागृतीची सुरुवात तिथूनच करावी लागेल.

जात आडनावावरून, वस्तीवरून ओळखली जाते. हा आजार सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून गुप्तता ही बाधिताची ढाल आहे. एका सरकारी महामंडळातील हंगामी कामगाराला या कारणावरून काम नाकारले गेले, तेव्हा त्याने नाव उघड न करता 'एमएक्स' या अक्षरांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. काम करण्यास जो समर्थ आहे आणि ज्याच्यामुळे इतरांना धोका नाही, त्याला केवळ लागण आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल 1997 साली लागला. पुढे 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही. नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांत भेदभाव नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्यास 3 महिने ते 2 वर्षे कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलमवार वाचून दाखवणे हीदेखील जागृतीच.

तेव्हा वर्गणी काढताना काही पथ्ये पाळावीत. मदत घेणाऱ्याला व्यासपीठावर उभे करू नये, त्याचा फोटो काढू नये, नावांची यादी फिरवू नये. पैसा केंद्रातील समुपदेशक किंवा बाधितांचे स्वतःचे गट यांच्यामार्फत पोचवावा. तो कशावर खर्चावा हे ठरवताना बाधितांचे मत घ्यावे. हिशेब मात्र चौकात लावावा : किती जमले, प्रवासाला किती, आहारावर किती. रुपये उघडे, माणसे झाकलेली.

1 डिसेंबरनंतर पाचच दिवसांनी 6 डिसेंबर येतो. त्या दिवशी बाबासाहेबांना अभिवादन करायला निघणाऱ्या प्रत्येक मंडळाने हे पाच दिवस या कामाला द्यावेत. दुकानदाराने विचारले तर सांगावे : औषध सरकार देते, त्या औषधापर्यंत माणूस पोचावा, म्हणून ही वर्गणी.