आंघोळीची वेळ
महाराष्ट्रातल्या एका सरकारी मनोरुग्णालयाचा महिला वॉर्ड, सकाळची ड्युटी. एक बाई खाटेची कड घट्ट धरून बसलेली. आंघोळीला उठायचं नाव नाही. पूर्वी अशा वेळी दोन मावश्या दंडाला धरून ओढत नेत. बाई ओरडे, चावे, मग इंजेक्शन आणि हातपाय खाटेला बांधणं. कागदावर नोंद एवढीच, की पेशंट आक्रमक.

त्या दिवशी मावशी शेजारी टेकल्या. “का गं, पाणी गार लागतं का?” उत्तर नाही. “केस विंचरू?” मान हलली. फणी निम्म्या केसांतून फिरल्यावर बाई पुटपुटली, “दाराला कडी नाय.” खरंच नव्हती. मावशी न्हाणीच्या दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आंघोळ झाली.

“हे छान आहे हो, पण तेवढ्या वेळात नाश्ता कोण वाढणार?” सिस्टरांचा प्रश्न रास्त होता. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळी आणि एकांतकोठडी बंद केली. तत्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच बांधायचं, तेही मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. कायदा योग्यच, पण त्यात लिहिलं म्हणून ड्युटीवर मावश्या वाढत नाहीत.

तरी मनुष्यबळाच्या नावावर सगळं ढकलू नये. इंग्लंडमध्ये लेन बोवर्स यांच्या चमूने ३१ वॉर्डांत ‘सेफवॉर्ड्स’ पद्धत तपासली. भडका कशाने उडतो ते हेरायचं, वाईट बातमी सांभाळून सांगायची, नकार देताना शब्द मऊ ठेवायचे, असे साधे उपाय. २०१५मध्ये निष्कर्ष आले. जबरदस्तीने धरून ठेवणं, कोंडणं, सक्तीचं औषध अशा प्रकारांत सुमारे चौथाई घट झाली होती.

आपल्याकडे प्रशिक्षण होतं, फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळतं. नवी मावशी मात्र शिकते ती जुन्या मावशीच्या हाताखाली. तेव्हा बदल घडवायचा तर सुरुवात त्या जुन्या मावशीपासून करावी, आणि कुणाला बांधावं लागलंच तर दुसऱ्या दिवशी पेशंटसकट सगळ्यांनी बसून बांधण्याआधीच्या तासाभरात काय घडलं ते बोलावं.

तुमच्या घरचं कुणी दाखल असेल आणि तुम्ही त्यांचे नामनिर्देशित प्रतिनिधी असाल, तर बांधल्याची खबर २४ तासांत मिळणं हा तुमचा हक्क आहे. किती वेळ बांधलं, का आणि कुणाच्या परवानगीने, हे बेधडक विचारा.