मरायला विसरलेल्या पेशी

चुडाव्यात वस्तीवर बसलो असताना एका मावशींनी आम्हाला विचारले, "रक्ताचा कॅन्सर म्हणजे मागच्या जन्माचं पाप, असं लोक म्हणतात. खरं का?"

अजिबात खरे नाही. तो रक्त तयार करणाऱ्या पेशींमधला बिघाड आहे. त्यातला एक बिघाड शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडला आहे.

आपल्या हाडांतल्या मगजात रोज अब्जावधी नव्या रक्तपेशी तयार होतात. जुन्या आणि बिघडलेल्या पेशी आपणहून मरतात, पिंपळाचे पिकले पान गळावे तशा. या ठरलेल्या मरणाला १९७२ साली 'अपोप्टोसिस' हे नाव मिळाले. हा मूळ ग्रीक शब्दही पानगळीसाठीच आहे.

'बीसीएल-२' नावाचे जनुक हे मरण थांबवते. १९८८ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे डेव्हिड वॉक्स, सुझॅन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी हे जनुक उंदरांच्या रक्तपेशींत घातले. जगायला लागणारे द्रव्य काढून घेतल्यावर साध्या पेशी मेल्या, पण हे जनुक घातलेल्या पेशी तगून राहिल्या. त्या भराभर वाढत नव्हत्या, फक्त मरत नव्हत्या. पुढे १९९० मध्ये, पेशी वाढवणारे 'मिक' आणि मरण रोखणारे बीसीएल-२ ही दोन्ही जनुके ज्या उंदरांत होती, त्यांना कॅन्सर फार लवकर झाला. पेशी नुसत्या वाढल्याने नव्हे, तर मरायच्या थांबल्यानेही कॅन्सर होतो, हे यातून कळले.

याच ज्ञानातून 'व्हेनेटोक्लॅक्स' हे औषध तयार झाले. ते बीसीएल-२ ची पकड सोडवते आणि रोगट पेशी मरू लागतात. २०१६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज ते भारतातही मिळते. रक्ताच्या प्रत्येक कॅन्सरला हे औषध लागत नाही. कोणाला काय द्यायचे, ते तपासण्या पाहून डॉक्टरच ठरवतात.

आपण काय करायचे? ताप हटत नसेल, अंग पांढरे पडत असेल, मार न लागता निळे डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा मानेत, काखेत गाठी असतील, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. ही लक्षणे दुसऱ्या आजारांचीही असतात, म्हणून आधी रक्ताची सीबीसी तपासणी करून घ्या. त्यात दोष दिसला तर पुढची तपासणी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. मोठ्या उपचारासाठी मुंबईत परळला टाटा रुग्णालय आहे. खर्चाला घाबरून घरी बसू नका. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर वेळेत आणि पूर्ण उपचार घेतल्यास बरा होऊ शकतो. मध्येच बरे वाटले म्हणून औषध सोडू नका.

आणि हा आजार शिवल्याने लागत नाही. उलट आपला सर्दी-खोकला रोग्याला लागू नये, म्हणून आपणच हात धुऊन त्याच्याजवळ बसावे. त्याचे ताट-तांब्या वेगळा ठेवू नका. वेगळे ठेवले की माणसाला काय वाटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.