आतड्यातली वस्ती : बासी चालते का?

सालेकसा, देवरी, आमगाव हा गोंदिया जिल्ह्याचा छत्तीसगडला लागून असलेला पट्टा. उन्हाळ्यात इथल्या अनेक घरांची न्याहारी म्हणजे बासी: रात्रीच्या भातात पाणी घालून झाकायचे आणि सकाळी मीठ, कच्चा कांदा, हिरवी मिरची घेऊन पाण्यासकट खायचे. लहान आतड्यात जिवाणू वाढलेल्यांना ती चालते का, असा प्रश्न याच पट्ट्यातून आला आहे.

ताजा भात बहुधा निर्दोष. गहू, बटाटा, कडधान्ये यांतला काही स्टार्च लहान आतड्यात न पचता पुढे जातो. तांदळातला जवळपास सगळा शोषला जातो आणि जिवाणूंच्या वाट्याला फारसे उरत नाही. भात थंड झाला की मात्र स्टार्चच्या साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात व थोडा भाग पाचकरसांना दाद देत नाही. निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे त्यावर छान भागते. लहान आतड्यातच गर्दी झालेल्याला त्यानेच गुबारा धरू शकतो.

तरीही बासीनंतर पोट फुगले की आधी संशय घ्यावा तो कांद्याचा. त्यातले फ्रुक्टन माणसाला पचवताच येत नाहीत, जिवाणूंना येतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात आकाराला आलेल्या ‘लो फॉडमॅप’ आहारात म्हणूनच कांदा-लसूण वर्ज्य आणि भात मान्य आहे. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग त्यात चालतो. बासीसोबत तो घेऊन पाहण्यासारखा आहे. धानाच्या बांध्यांत निघणारी लाखोळी इतर डाळींसारखीच वायू धरणारी. त्रास असेपर्यंत तिचे वरण बेतानेच. या पथ्याने त्रास कमी होतो, वाढलेले जिवाणू हटतीलच असे नाही. शिवाय ते काही आठवड्यांपुरतेच. जन्मभर डाळी सोडणे हा निव्वळ तोटा.

बासीला सर्रास ‘देशी प्रोबायोटिक’ म्हटले जाते. 2001 च्या जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटनेच्या व्याख्येप्रमाणे प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. बासीत लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात, पण कोणते आणि किती, हे घरागणिक बदलते. ती आंबवलेले अन्न आहे, औषध नव्हे. कॅप्सूलचेही या आजारात फार कौतुक नको. अमेरिकेतील ऑगस्टा विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात पोटफुगीसोबत डोके बधिरल्याची तक्रार असलेले 30 रुग्ण होते, आणि सगळेच्या सगळे प्रोबायोटिक घेत होते. अनेकांच्या लहान आतड्यात जिवाणू वाढलेले आढळले. प्रोबायोटिक थांबवून प्रतिजैविक दिल्यावर बहुतेकांना आराम पडला. अभ्यास छोटा आहे, पण दुकानातून परस्पर कॅप्सूल आणणाऱ्याने ध्यानात ठेवावा असा.

बासीचा खरा धोका वेगळाच. तांदळातल्या बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात तासन्‌तास कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांचे उलट्या करवणारे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून मे महिन्यात भात पसरून लवकर निववावा आणि वास बदललेली बासी टाकून द्यावी. आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी जास्तच जपावे. जठरातले आम्ल हाच जिवाणूंवरचा पहिला पहारा.

लहान आतड्यातली जिवाणूंची वाढ तपासणारी श्वासचाचणी ठरली असेल, तर आदल्या दिवशी साधा ताजा पांढरा भात सहसा चालतो. बासी, डाळ, कांदा, दूध बंद. आणि चाचणीआधी 8 ते 12 तास पाण्याखेरीज काहीही नाही.